जुनं कुणी ठरवायचं?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते शाळेच्या प्रयोगशाळेतलं एकही उपकरण दुरुस्तीची खटपट केल्याशिवाय टाकू देत नसत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकलं आहे. आजचा विषय त्यांना आवडला असता, असं मला मनापासून वाटतं. घरात पडून असलेले जुने लॅपटॉप, जुने राउटर, जुने मोबाइल यांना मुक्त सॉफ्टवेअरच्या बळावर घरचा सर्व्हर म्हणून पुन्हा कामाला कसं लावता येतं, त्याबद्दल मी बोलणार आहे.

आधी एक प्रश्न. तुमच्या घरातला जुना लॅपटॉप माळ्यावर का गेला? बिघडला म्हणून? जरा आठवून पाहा. बहुतेकांचा बिघडला नव्हता. स्क्रीन लागत होता, कीबोर्ड चालत होता, फाइली उघडत होत्या. तो रेंगाळायला लागला होता, किंवा त्याला अपडेट मिळणं बंद झालं होतं. म्हणजे यंत्र धडधाकट होतं, त्याच्यावरच्या सॉफ्टवेअरने त्याची साथ सोडली होती.

याचं मोठं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. वैयक्तिक ग्राहकांना सुरक्षा अपडेटसाठी एक वर्षाची वाढीव मुदत दिली, पण रस्ता तिथेच संपतो. मग विंडोज ११ टाकावं? त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या पुढचा लागतो. त्याआधीचा लॅपटॉप कितीही ठणठणीत असला तरी अधिकृतपणे दाराबाहेर. या एका निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस मांडला होता.

चोवीस कोटी! ते एका रात्रीत म्हातारे झाले का? १३ ऑक्टोबरला जी गणितं ते करत होते, ती १५ ऑक्टोबरलाही करत होते. मग त्यांना जुनं कुणी ठरवलं? ज्याने ते विकत घेतले, त्याने? नाही. हा निर्णय दुसऱ्याच कुणीतरी, दुसरीकडेच घेतला. तो अधिकार आपल्याकडे परत घेता येतो, हे मला आज सांगायचं आहे. आणि तो घ्यायला भाषणं पुरत नाहीत. एक पेनड्राइव्ह, मोकळी दुपार आणि थोडा धीर लागतो.

भंगारात गेलेल्या यंत्राचं पुढे काय होतं, तेही पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तयार केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला २२.३ टक्केच नीट गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, उत्पादकांवर जबाबदारी आली, हे चांगलंच झालं. पण दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा मुंबईच्या कुर्ला-साकीनाक्याकडच्या गाळ्यांमध्ये माणसं आजही हातांनी बोर्ड सोडवतात, तारा जाळून तांबं काढतात. आणि सगळं पुनर्चक्रण अगदी शास्त्रशुद्ध झालं, तरी हाताला काय लागतं? थोडं तांबं, कणभर सोनं. सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो टप्प्यांत दोन-तीन महिने काम होऊन जी चिप घडली, ती मात्र कायमची गेली. मोबाइलच्या बाबतीत तर त्याच्या साऱ्या आयुष्यात होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग तो कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच झालेला असतो. म्हणून आधी वापर, नंतर दुरुस्ती, मग पुन्हा वापर, आणि भंगार सर्वांत शेवटी.

आता सर्व्हर म्हणजे काय? मोठ्या थंड खोलीत दिवे लुकलुकणारी कपाटं आपल्या डोळ्यांसमोर येतात. पण दुसऱ्या यंत्राने काही मागितलं की ते देणारं कोणतंही यंत्र सर्व्हरच. तुमच्या मोबाइलने फोटो मागितला आणि कोपऱ्यातल्या लॅपटॉपने तो दिला, की त्या क्षणी तो लॅपटॉप सर्व्हर झाला. आणि फोटो देण्याच्या कामाला किती ताकद लागते? फारच थोडी. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्या संगणकावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली लिहायला घेतली, त्याची मेमरी चार एमबी होती. तुमच्या माळ्यावरच्या २०१४-१५ च्या लॅपटॉपची मेमरी आठ जीबी असेल, तर ती त्याच्या दोन हजार पट आहे. इतकी ताकद आपण वापरलेल्या चादरींच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिली आहे.

काम कसं होतं, ते थोडक्यात सांगतो. लॅपटॉपमधली जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे काम कुणीही करून देईल, आणि या एका बदलाने यंत्राचा रेंगाळलेपणा बराचसा जातो. पेनड्राइव्हवर डेबियन उतरवून घ्यायचं आणि त्याच्यावरून ते लॅपटॉपवर टाकायचं. डेबियन ही लिनक्सची एक जुनी, विश्वासू शाखा. इयान मर्डॉक या तरुणाने १९९३ मध्ये ती सुरू केली आणि तेव्हापासून जगभरातले स्वयंसेवक ती सांभाळत आहेत. तिची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. नंतर झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपणार नाही अशी तजवीज करायची, तो राउटरला केबलने जोडायचा आणि कोपऱ्यातल्या फळीवर, हवा खेळेल अशा जागी ठेवून द्यायचा. पुढचं सगळं आपल्या मोबाइलवरून करता येतं.

आणि मग त्याच्याकडून काय काय करून घेता येतं? जेलीफिन टाकलं तर घरातले चित्रपट आणि गाणी टीव्हीवर दिसतात. पाय-होल टाकलं तर घरातल्या सगळ्या उपकरणांवरच्या बऱ्याच जाहिराती वाटेतच अडतात. सांबा टाकलं तर सगळ्यांना मिळून वापरता येईल असा एक फोल्डर तयार होतो. ही यादी लांबवता येईल, पण मला दोन गोष्टींपाशी थांबायचं आहे, कारण त्या मराठी घराच्या अगदी आतल्या आहेत: फोटो आणि कागदपत्रं.

फोटोंचं पाहा. २०२१ च्या १ जूनपर्यंत गूगल फोटोजमध्ये आपण अमर्याद फोटो फुकट ठेवत होतो. त्या दिवसापासून सगळं मिळून पंधरा जीबीची मर्यादा आली. त्यावर अनेकांनी दरमहा पैसे भरायला सुरुवात केली. ठीक आहे, सेवा घेतली तर मोल द्यावं. पण आणखी एक धोरण आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. दोन वर्षं वापरात नसलेलं वैयक्तिक खातं आतल्या मजकुरासह काढून टाकण्याची तरतूद गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केली. आता विचार करा, कोणतं खातं दोन वर्षं कुणी उघडत नाही? जो माणूस आता नाही, त्याचं. आईच्या मोबाइलमधले फोटो, तिने नातवंडांच्या बारशाला काढलेले व्हिडिओ, तिने गुणगुणत रेकॉर्ड करून ठेवलेल्या ओव्या. घरात कुणालाच पासवर्ड माहीत नसेल तर हे सगळं कुठल्याशा नियमाच्या कलमात संपून जाऊ शकतं. यात कंपनीचा दुष्टपणा आहे असं मी म्हणत नाही. तिच्या हिशेबात ते एक निष्क्रिय खातं आहे, पण आपल्या हिशेबात ती आई आहे. दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडता येत नाहीत, म्हणून आपली वही आपल्या घरी हवी.

यासाठी इमिच नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याचं ॲप टाकायचं. मोबाइल घरच्या वायफायवर आला की नवे फोटो आपोआप घरच्या यंत्रावर उतरतात. चेहरे ओळखून, 'आजीचे सगळे फोटो दाखव' म्हटल्यावर ते दाखवतंसुद्धा. आणि ही चेहरे ओळखण्याची क्रिया तुमच्याच लॅपटॉपवर होते, एकही चेहरा घराबाहेर जात नाही. जुन्या यंत्राला पहिल्यांदा हजारो फोटो चाळायला दोन-चार रात्री लागतील. लागू द्या, त्याला कुठे जायचं आहे? मेमरी मात्र किमान सहा जीबी हवी, आणि नीट चालायला आठ.

कागदपत्रांसाठी पेपरलेस-एनजीएक्स आहे, आणि हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. सातबारा, फेरफार, घरपट्टीच्या पावत्या, विम्याची कागदपत्रं, सोसायटीचे दाखले स्कॅन करून त्याच्याकडे सोपवायचे. ते सॉफ्टवेअर हे सगळं वाचतं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून ठेवतं. मराठीसुद्धा! कारण त्याच्या पोटात टेसरॅक्ट नावाचं अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर आहे. एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात त्याचा जन्म झाला, २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं, आणि आज त्याला मराठी भाषेची जोड घालता येते. मग चार वर्षांनी 'फेरफार' किंवा सर्व्हे नंबर टाकून शोधलं की कागद समोर. स्वच्छ छापील देवनागरी ते बऱ्यापैकी वाचतं. जुन्या खिळ्यांच्या छपाईत अडखळतं. हाताने लिहिलेली मोडीतली खरेदीखतं मात्र त्याला वाचता येत नाहीत. तिथे मोडी वाचणारा माणूसच हवा, पण त्या खताची प्रत तरी वाळवीपासून सुरक्षित राहते.

मंडळी, इथवर मी काय करता येतं ते सांगितलं. आता ते का करता येतं, याकडे वळतो. विंडोजने सोडून दिलेल्या लॅपटॉपला डेबियन का उचलून घेतं? कारण त्याचा कोड खुला आहे. कोड खुला म्हणजे फुकट, असं आपण समजतो. फुकट हा त्यातला फार छोटा भाग. खुला म्हणजे पाहता येतो, बदलता येतो आणि बदललेला दुसऱ्याला देता येतो. तुमच्या जुन्या वायफाय चिपसाठी कुणीतरी कधीतरी ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा कोड, लिहिला असेल, तर चिप बनवणारी कंपनी बुडाली तरी त्या ओळी राहतात आणि दुसरं कुणीतरी त्या सांभाळतं.

याची एक गोष्ट आहे, आणि ती मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकावी अशी आहे. २००२ च्या डिसेंबरमध्ये लिंक्सिस या अमेरिकी कंपनीने डब्ल्यूआरटी-५४-जी नावाचा राउटर बाजारात आणला. निळा-काळा, दोन शिंगांसारखे अँटेना असलेला. इथल्या काहींनी पाहिलाही असेल. पुढच्या वर्षी सिस्को या बड्या कंपनीने लिंक्सिसच विकत घेतली. आणि २००३ च्या जूनमध्ये एका प्रोग्रामरच्या लक्षात आलं की या राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये चक्क लिनक्स आहे. त्यात बिघडलं काय? बिघडलं असं की लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली दिलं जातं, त्याची एक अट आहे. तुम्ही ते वापरून वस्तू विका, नफा कमवा, हरकत नाही. पण ज्याला वस्तू विकली त्याने मागितला तर कोड त्याला दिलाच पाहिजे. कंपनीने तो दिलेला नव्हता.

कुणी मोर्चा काढला नाही. लोकांनी परवाना पुढे केला आणि कोड मागत राहिले. शेवटी कंपनीने तो प्रसिद्ध केला. झालं! एका छोट्या खोक्यात काय काय दडलं होतं ते जगाला कळलं. २००४ च्या सुरुवातीला त्यातूनच ओपन-डब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. एका राउटरसाठी मिळवलेला हक्क आज अनेक कंपन्यांच्या राउटरना लागू पडतो. कंपनीने अपडेट थांबवलेला राउटर ओपन-डब्ल्यूआरटीवर आणला की तो पुन्हा सुरक्षित होतो, आणि त्याच्याकडून मूळच्यापेक्षा जास्त कामं करून घेता येतात. गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. २००५ मध्ये कंपनीने याच राउटरच्या नव्या आवृत्तीतून लिनक्स काढलं आणि मेमरीही कमी केली. ग्राहकांना जुनाच हवा होता. मग लिनक्स असलेला राउटर डब्ल्यूआरटी-५४-जीएल या नावाने वेगळा विकायला काढावा लागला, आणि तो पुढे कित्येक वर्षं खपत राहिला.

कोड देण्याची ही अट कुठून आली? रिचर्ड स्टॉलमन या माणसाच्या हट्टातून. एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय स्टॉलमनने स्वतः केली होती. नव्याचा कोडच मिळेना. दुरुस्ती करता येते, करायची तयारी आहे, वेळ आहे, आणि तरी करू दिली जात नाही! तो संताप त्याने वाया जाऊ दिला नाही. १९८३ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा झाली आणि १९८९ मध्ये जीपीएल परवाना आला. अडकलेल्या कागदाच्या रागातून जगाला एवढं मोठं देणं मिळालं. आपल्या हातातल्या वस्तूची दुरुस्ती करायचा आपला हक्क आहे, एवढंच तो म्हणत होता. आज आपण घरी जुना लॅपटॉप चालू करतो, ते त्या हक्काच्या जोरावर.

आणि हा हक्क नसला की काय होतं? मोबाइल पाहा. ताकदीच्या दृष्टीने पाच-सहा वर्षांपूर्वीचा मोबाइल उत्तम सर्व्हर आहे. वीज जेमतेम खातो, आवाज करत नाही, स्वतःची बॅटरी आहे, वायफाय आहे. पण त्याचं बूटलोडर, म्हणजे मोबाइल चालू होताना सर्वांत आधी धावणारं सॉफ्टवेअर, बहुधा कुलूपबंद असतं, आणि आतल्या चिपसाठीचा कोड अनेकदा अर्धवट किंवा बंदिस्त असतो. २०१७ पासून पोस्टमार्केट-ओएस हा प्रकल्प याच कुलपांशी झगडतो आहे. मोबाइलला दहा वर्षांचं आयुष्य मिळावं, हे त्याचं सुरुवातीपासूनचं ध्येय. काही मॉडेलांना ते मिळालं, बऱ्याच मॉडेलांना अजून मिळायचं आहे. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये जुन्या स्मार्टफोनांपासून छोटी डेटा केंद्रं बनवून दाखवली. खर्च एका फोनमागे सुमारे आठ युरो. त्यातला एक प्रयोग पाण्याखालच्या जीवांची मोजणी करण्याचा होता. त्यांनी आधी फोनांच्या बॅटऱ्या काढल्या आणि बाहेरून वीज दिली, हे लक्षात ठेवा, कारण त्याबद्दल आता बोलायचंच आहे. ज्यांना एवढ्या खोलात शिरायचं नाही त्यांच्यासाठी टर्मक्स हे ॲप आहे. अँड्रॉइड तसंच ठेवून त्याच्या पोटात लिनक्सची बरीच कामं करता येतात.

कायद्याच्या अंगानेही हालचाल आहे. युरोपीय संघात जून २०२५ पासून नियम आला की मोबाइलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं त्याला अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. सुरुवात म्हणून त्याचं स्वागत; पण कुलपाच्या किल्लीचा कायदा आपल्याकडे व्हायचा आहे, आणि तो मागण्याचं काम आपलं आहे.

आता जबाबदारीचं बोलतो. उत्साहाच्या भरात हा भाग गाळला जातो, आणि मग कुणाचं तरी नुकसान होतं.

पहिली गोष्ट वीज. सर्व्हर रात्रंदिवस चालतो, म्हणजे वर्षाचे ८,७६० तास. स्वस्थ बसलेला जुना लॅपटॉप साधारण दहा वॅट घेतो. वर्षाला झाले ८८ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर ८८० रुपये. मोबाइल तीन वॅट घेतो, म्हणजे वर्षाला अडीचशे-पावणेतीनशे रुपये. आणि जुना मोठा डेस्कटॉप? तो ऐंशी वॅट सहज घेतो. सातशे युनिट, सात हजार रुपये. म्हणजे प्रत्येक जुनं यंत्र वाचवण्यासारखं नसतं, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. पेंटियम-४ चा डेस्कटॉप अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे देणं हाच त्याचा सन्मान. लॅपटॉप ठेवा, डेस्कटॉपचा विचार दोनदा करा.

दुसरी गोष्ट बॅटरी. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे आपल्याकडच्या भारनियमनात आयता मिळालेला यूपीएस. पण लिथियमची बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली की फुगू शकते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर थांबवता येतं. लिनक्सवर त्यासाठी टीएलपी नावाचं साधन आहे. आणि फुगलेली बॅटरी दिसली, मागचं झाकण उचललेलं दिसलं, तर काटकसर, जिव्हाळा सगळं बाजूला ठेवून ते यंत्र त्याच क्षणी बंद करायचं. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकायचं नाही. घराला आग लागण्यापेक्षा फोटो ढगात, म्हणजे कंपनीच्या क्लाउडवर, राहिलेले बरे.

तिसरी गोष्ट, दार. घरचं यंत्र थेट इंटरनेटवर उघडं टाकू नका. टाकलंत तर काही मिनिटांत अनोळखी यंत्रं त्याचं दार ठोठावू लागतात. तसंही आपल्याकडच्या अनेक जोडण्यांना स्वतःचा स्वतंत्र पत्ताच नसतो. मोठ्या चाळीचा एकच पत्ता असावा, आतून कुणीही पत्र पाठवू शकावं, पण बाहेरून आलेलं पत्र कोणत्या खोलीचं हे टपालवाल्याला कळू नये, अशी ही रचना असते. मग मुलगी न्यू जर्सीत आहे, तिला घरचे फोटो कसे दिसणार? त्यासाठी वायरगार्ड आहे. दोन यंत्रांमध्ये कुलूपबंद बोगदा तयार करणारं हे सॉफ्टवेअर २०२० च्या मार्चमध्ये लिनक्सच्या गाभ्यातच सामील झालं. त्याचा कोड अवघ्या चार हजार ओळींच्या आसपास आहे. एवढा छोटा, म्हणून एखादा जाणकार तो बसल्या बैठकीला तपासू शकतो. त्यावरच आधारलेली टेलस्केलसारखी सेवा घेतली तर पत्त्याची अडचणही सुटते.

चौथी गोष्ट, दुसरी प्रत. आणि इथे मी आवाज चढवून बोलणार आहे. जुनी डिस्क मरते. नवी डिस्कही मरते. कधी, ते सांगून मरत नाही. घरचा सर्व्हर सुरू केला म्हणून आनंदाने ढगातलं सगळं पुसून टाकलं आणि घरी एकच प्रत ठेवली, तर आपण आधीपेक्षा वाईट जागी आलो! तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर: हा जुना नियम आहे आणि त्याला पर्याय नाही. घराबाहेर म्हणजे कुठे? बहिणीच्या घरी. तुमचा एक जुना लॅपटॉप पुण्यात, तिचा एक साताऱ्यात. रात्री दोघं एकमेकांची सांकेतिक कुलूप घातलेली प्रत ठेवतात. रेस्टिक किंवा बोर्ग नावाची मुक्त साधनं हे काम करतात. तिला तुमचे फोटो दिसत नाहीत, तुम्हाला तिचे दिसत नाहीत, पण एकाच्या घरात पाणी शिरलं तरी दोघांचं सगळं शाबूत राहतं.

यानंतरची गोष्ट तांत्रिक नाही, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. बहुतेक घरांत हा सगळा कारभार एकाच माणसाला कळतो. तो माणूस आजारी पडला तर? गेला तर? आईच्या खात्याचं जे होऊ शकतं, तेच मग घरच्या यंत्राचं होणार. म्हणून कागदावर लिहून ठेवा. मराठीत, शाईने, घरातल्या कुणालाही वाचता येईल असं. यंत्र कुठे आहे, बंद-चालू कसं करायचं, पासवर्ड काय, दुसरी प्रत कुणाकडे आहे, आणि यातलं काहीच जमलं नाही तर कोणती डिस्क काढून संगणकाच्या दुकानात न्यायची. ते पान मृत्युपत्राच्या शेजारी ठेवा. आणि वर्षातून एकदा, घरातल्या दुसऱ्या कुणालातरी फक्त ते पान पाहून एक फोटो परत काढायला सांगा. त्याला तो मिळाला, तरच तुमचा सर्व्हर खऱ्या अर्थाने घरचा.

आता घराच्या उंबऱ्याबाहेर जातो. २०१० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये एबेन मोग्लेन या कायद्याच्या प्राध्यापकांनी असंच एक जाहीर व्याख्यान दिलं. आपली माहिती मूठभर कंपन्यांच्या यंत्रांवर का, ती आपल्या घरातल्या छोट्या, स्वस्त यंत्रावर का नको, असा त्यांचा सवाल होता. त्यातून फ्रीडमबॉक्स हा प्रकल्प निघाला. तो डेबियनवरच उभा आहे, आणि आपल्या शेजारच्या तेलंगणात 'स्वेच्छा' या मुक्त सॉफ्टवेअरच्या संघटनेने तो खेड्यांत वापरून दाखवला.

आपल्या महाराष्ट्रातही असं करता येईल. इथे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली हजारो अनुदानित ग्रंथालयं आहेत. इमारत आहे, वाचक आहेत, ग्रंथपाल आहेत. इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. तिथे एक जुना लॅपटॉप आणि एक जुना राउटर ठेवला आणि लॅपटॉपवर किविक्स टाकलं, तर काय होईल? १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो. वाचनालयात बसलेला विद्यार्थी आपल्या मोबाइलवर तो इंटरनेटशिवाय वाचू शकतो. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह हवा असेल तर शंभर जीबीहून जास्त जागा लागते. आजच्या डिस्कला तेही जड नाही. कोलिब्री टाकलं तर गणित-विज्ञानाचे धडे आणि व्हिडिओ मिळतात. आणि गावाचं स्वतःचं काय काय त्यात येईल! ग्रंथालयाचे जुने अहवाल, हस्तलिखित अंक, गावातल्या वृद्धांच्या मुलाखती, यात्रेचे फोटो. हे सगळं कुठल्याही परदेशी कंपनीला कधी महत्त्वाचं वाटणार नाही. ते आपणच ठेवायचं आहे.

संयोजकांशी माझं बोलणं झालं आहे आणि त्यांनी मला मुभा दिली आहे, म्हणून इथेच मागणी करतो. अशा ग्रंथालयांसाठी माळ्यावरचा लॅपटॉप घेऊन या. प्रोसेसर ६४-बिट असावा, कारण डेबियनच्या नव्या आवृत्तीने जुन्या ३२-बिट संगणकांवरचं इन्स्टॉलेशन बंद केलं आहे. मेमरी चार जीबी किंवा जास्त. बॅटरी फुगलेली नसावी. स्क्रीन फुटलेला असला तरी चालेल, दोन-चार कळा निघालेल्या असल्या तरी चालेल, चार्जर मात्र सोबत हवा. आणण्याआधी आपले फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्क पूर्ण पुसण्याचं काम आम्ही तुमच्यासमोर करू. आणि महाविद्यालयातली जी मुलं मागच्या रांगेत उभी आहेत, त्यांनी आपली नावं कार्यालयात नोंदवावीत. यंत्रं येतील, पण ती बसवायला आणि महिन्याला एकदा अपडेट करायला माणसं लागतील.